उन्हाने पांढरं पडलेलं बोटीचं प्लास्टिक: कोणती बाटली घ्यावी, कोणती नाही

आधी निकाल सांगून टाकते. काळ्या, खरखरीत प्लास्टिकसाठी सेराकोटचे सिरॅमिक ट्रिम कोट वाइप्स घ्या. रबरी पट्ट्या, सीटचं रेक्झिन आणि अजून बरे असलेले भाग ३०३ प्रोटेक्टंटवर सोपवा. चकचकीत सिलिकॉन जेल बोटीवर चढूच देऊ नका. हीट गन वापरायचीच असेल तर सुट्या होणाऱ्या भागांवर, आणि बोटीपासून लांब नेऊन. घाईत असाल तर एवढ्यावर काम भागेल. पण रॉड होल्डर (गळाची काठी खोचायची नळी) आणि दोर बांधायच्या क्लीट प्लास्टिकच्या असतील तर बाटली उघडण्याआधी पुढचं वाचा, कारण या सगळ्या उत्पादनांच्या जाहिरातीत जे नसतं ते तिथे आहे.

बोट माझी आणि दादाची, भागीदारीत घेतलेली. फायबरची, मधोमध कन्सोल (स्टिअरिंग आणि स्विचांचा उभा खोका), मागे बाहेर लावलेलं आउटबोर्ड इंजिन, गळाने मासेमारी करायची साधी बोट. आधीच्या मालकाने इंजिन जिवापाड जपलेलं दिसत होतं, पण बोटीवर कव्हर कधी पडलं असेल असं वाटत नव्हतं. कन्सोलच्या कडा, हॅचच्या (डेकवरच्या झाकणांच्या) चौकटी, हवेच्या जाळ्या, कप होल्डर, बॅटरीच्या खोक्याचं झाकण, सगळं राखाडी. हाताचं बोट फिरवलं की त्याला खडूसारखी भुकटी. गंमत म्हणजे सीट उचलली तर तिच्या सावलीत राहिलेली चौकटीची बाजू काळीभोर होती. बोटीचा मूळ रंग काय होता ते त्या पट्टीवरून कळलं, आणि पुढे प्रत्येक बाटलीची परीक्षा मी त्या पट्टीशी ताडूनच घेतली. बाटलीवरच्या आधी-नंतरच्या फोटोंपेक्षा ही मोजपट्टी कितीतरी बरी. जुन्या बोटीवर अशी एक तरी जागा सापडतेच, शोधा.

प्लास्टिक पांढरं पडतं म्हणजे काय होतं हे माहीत असलं की निम्म्या जाहिराती आपोआप गळून पडतात. उन्हातली अतिनील किरणं प्लास्टिकच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या तोडतात आणि हवेतला ऑक्सिजन त्या तुटलेल्या टोकांना धरतो. हे वरच्या अगदी पातळ थरात होतं. तो थर ठिसूळ होऊन त्यात बारीक भेगा पडतात, रंगद्रव्य आणि भराव सुटे होऊन भुकटी बनते, आणि भेगांवरून प्रकाश वेडावाकडा विखुरला की डोळ्याला पांढुरकं दिसतं. काळ्या प्लास्टिकमध्ये कार्बन ब्लॅक असतो. तो रंगासाठी असतोच, शिवाय अतिनील किरणं तोच शोषून घेतो. उघड्यावर वापरायच्या पॉलिएथिलीन पाइपांमध्ये तो साधारण २ ते २.५ टक्के घालतात ते याचसाठी. पांढऱ्या किंवा करड्या भागांना हे चिलखत नसतं, त्यांना दुसरी स्थिरकं, म्हणजे ऊन सोसायला मदत करणारी रसायनं, घालावी लागतात, आणि स्वस्त भागांत तिथेच हात आखडता घेतलेला असतो.

यातून एक फुकटची चाचणी मिळते. राखाडी भागावर पाणी शिंपडा. ओला झाल्यावर तो काळा दिसला तर नुकसान वरवरचं आहे: पाण्याने भेगा तात्पुरत्या भरल्या, प्रकाश विखुरणं थांबलं. ट्रिम रिस्टोअरर नावाच्या प्रत्येक बाटलीत हेच काम करणारं काहीतरी असतं, फक्त पाण्यापेक्षा जास्त टिकणारं. ओलं करूनही भाग पांढराच राहिला तर कोणतीही बाटली त्याला काळं करणार नाही. फार तर रंग असलेलं रिस्टोअरर त्याला रंगवेल.

दुसरी चाचणी अंगठ्याची. भाग दाबा, थोडा वाकवा, स्क्रूच्या भोकांभोवती नीट बघा. तिथून निघणाऱ्या केसासारख्या रेषा दिसल्या, किंवा दाबताना करकर आवाज आला, तर तो भाग बदलायचा. इथे मी हट्टी आहे. रॉड होल्डरवर मोठा मासा लागला की जो झटका बसतो तो सगळा त्या प्लास्टिकच्या गळ्यावर येतो. क्लीटवर तर अख्खी बोट लटकते. रिस्टोअररने रंग परत येतो, तुटलेल्या साखळ्या जोडल्या जात नाहीत. उलट राखाडी होल्डरवर जी भेग स्पष्ट दिसते ती काळ्याभोर होल्डरवर दिसेनाशी होते. आमच्या बोटीवरचे मागचे दोन होल्डर असेच होते. दादा म्हणाला, "अगं, पुसून तर बघ, नवे वाटतील." मी म्हटलं, "दादा, वाटतील, म्हणूनच नको." ते काढून टाकले. भार घेणारा भाग आधी तपासायचा, मग तो रंगवायच्या लायकीचा आहे का ते ठरवायचं.

कोणता भाग कशाचा आहे हे कळायला तो सोडवून पाठ बघा. बऱ्याच भागांवर साच्यातच उमटवलेली खूण असते: दोन कोनदार कंसांमध्ये एबीएस, पीपी, पीई असं काहीतरी. एबीएस असेल तर ॲसिटोन किंवा थिनर जवळ आणू नका, पृष्ठभाग विरघळतो. पीई, म्हणजे पॉलिएथिलीन, असेल तर त्याला काहीच नीट चिकटत नाही. आमच्या आमिषाच्या टाकीचं जाडजूड पांढरं झाकण तसं होतं. त्यावर कोटिंगचा वाइप फिरवणं म्हणजे वाइप फुकट घालवणं. ते साबण आणि ब्रशने घासलं, नंतर बारीक पॉलिश पेपरने पाण्यात हलकं घासून काढलं, आणि सोडून दिलं. आतपर्यंत एकाच रंगाचं असल्यामुळे ते आता बरं दिसतं.

आउटबोर्डच्या टोपीचा मात्र गैरसमज नको. ती बहुतेक वेळा रंगवलेली आणि वर क्लिअर कोट दिलेली असते. तिथे गाडीच्या रंगाचं पॉलिश आणि वॅक्स चालतं. ट्रिमचा वाइप तिथे लावायचा नाही.

आता सफाई. या कामातला सगळ्यात कंटाळवाणा भाग हाच, आणि निकाल जवळजवळ इथेच ठरतो. आधी भरपूर गोड्या पाण्याने मीठ उतरवायचं, कारण मिठाच्या खड्यांवरून ब्रश फिरवला तर ओरखडे आपणच पाडतो. मग सर्वसाधारण क्लीनर आणि मऊ केसांचा ब्रश. खरखरीत प्लास्टिकच्या खाचांत काय काय बसलेलं असतं ते बघून मला स्वतःच्या बोटीवर डबा उघडून खायची इच्छा उरली नाही: माशांचा चिकटा, सुकलेले खवले, सनस्क्रीन, आणि आधीच्या मालकाने कधीतरी फासलेल्या कुठल्याशा तेलाचा थर. तो तेलाचा थर खरा शत्रू. तो राहिला तर सिरॅमिक त्याच्यावर बसतं, प्लास्टिकवर नाही, आणि त्याच्याबरोबरच निघून जातं. क्लीनर लावून, घासून, धुऊन, पुन्हा पांढऱ्या कापडाने पुसायचं. कापडावर करडा डाग येतोय तोवर सफाई झालेली नाही. कन्सोलच्या कडांना हे इतक्यांदा करावं लागलं की दादा मध्येच उठून इंजिनचं तेल बघायला गेला, जे बघायची काही गरज नव्हती.

शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. खाचांत अडकलेलं पाणी वरून दिसत नाही, म्हणून सावलीत, वाऱ्यावर, निवांत. पण हे अल्कोहोल पुढच्या पारदर्शक ॲक्रिलिक काचेवर उडू देऊ नका. ॲक्रिलिकला त्याने कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडू शकतात. आणि तो पांढरा मेलॅमिनचा जादूई स्पंज साध्या डागांना छान, पण तो मुळात फार बारीक पॉलिश पेपरच आहे. स्विच पॅनलवरची पंप, दिवे, भोंगा ही छापील अक्षरं तो बिनतक्रार पुसून टाकतो. पॅनल मी नुसत्या ओल्या कापडाने पुसलं.

सेराकोटचे वाइप्स छोट्या बंद पाकिटांत येतात, आधीच द्रवात भिजवलेले. पाकीट फोडल्यावर वाइप वाळायला लागतो, त्यामुळे सगळे भाग साफ करून, कडेच्या जेलकोटवर (फायबरवरच्या गुळगुळीत बाहेरच्या थरावर) मास्किंग टेप लावून, हातमोजे घालूनच पहिलं पाकीट फोडायचं. प्लास्टिक गार हवं, ऊन अंगावर नको. एक भाग घ्यायचा, एका दिशेने सलग पुसायचा, पट्टे दिसले तर ओलं आहे तोवरच पुन्हा फिरवायचं. अर्धवट वाळलेल्या थरावर पुन्हा पुसलं की ठिगळ दिसतं. जेलकोटवर ओघळ गेला तर लगेच पुसा, एकदा धरला की सुटत नाही. लावल्यावर बोट कोरडी ठेवायची, म्हणजे दुसऱ्या दिवशी मासेमारीचा बेत करायचा नाही. आमच्या घरी हेच सगळ्यात अवघड गेलं.

रंग कसा आला? सीटखालच्या काळ्या पट्टीच्या इतका जवळ की हॅचच्या चौकटीवर सावलीची जुनी रेषा शोधावी लागते. चमक नाही, आणि हीच मला आवडलेली गोष्ट. नव्या प्लास्टिकला असते तेवढीच मंद झाक. हात लावला तर तेलकट लागत नाही, पाय पडला तर सरकत नाही. एक अख्खा हंगाम ऊन, खारं पाणी आणि दादाचे बूट यांखाली काढल्यावर उभ्या भागांवर रंग जसाच्या तसा आहे. कन्सोलच्या ज्या कडेला आपण उठता-बसता हात टेकतो आणि जिथे रॉडची मूठ घासते, तिथे थोडा उतरलाय. घासून निघणं आणि उन्हाने निघणं वेगळं. घासण्यापुढे एवढा पातळ थर काय करणार. पाकिटावर २०० धुण्यांपर्यंत टिकण्याचा दावा आहे. तो गाडी धुणाऱ्यांच्या हिशेबाने ठीक आहे, पण प्रत्येक फेरीत लाटांचे तुषार खाणाऱ्या बोटीची धुणी मोजायची कशी ते मला कळलेलं नाही. मी सीटखालच्या पट्टीकडे बघून ठरवेन.

३०३ वेगळ्या जातीचं. ते पाण्यावर आधारलेलं, फवारून पुसायचं, आणि पूर्ण कोरडं होईपर्यंत पुसायचं. तसंच वाळू दिलं तर डाग राहतात. त्याचं काम राखण आहे, डागडुजी नाही. पांढऱ्या पडलेल्या भागावर फवारलं तर जरा गडद दिसतं आणि लवकरच पुन्हा मूळपदावर येतं. त्यात दोष नाही, अपेक्षा चुकीची. पण सीटचं रेक्झिन, हॅचच्या कडेची रबरी सील, बोटीच्या काठाभोवतीची पीव्हीसीची पट्टी, वायरींवरची नळी, यांना ते फार मानवतं. तेलकट थर राहत नाही, धूळ चिकटत नाही. अट एकच: उन्हात उभ्या राहणाऱ्या बोटीला ते दर तीन-पाच आठवड्यांनी पुन्हा लावावं लागतं. ज्यांना वर्षातून एकदा काम करून विसरायचंय त्यांनी या वाटेला जाऊ नये. मला ते बोट धुतल्यावरच्या कामांत जमून गेलंय.

आता सिलिकॉन जेल. नाव घेत नाही, पण गाड्यांच्या दुकानात सगळ्यात पुढे मांडलेली, टायर आणि डॅशबोर्ड आरशासारखे करणारी बाटली डोळ्यांसमोर आणा. दादाने हौसेने आणली. लावल्या क्षणी ती सगळ्यांत सुंदर दिसते हे मान्य. मग पाणी पडलं की ती ओघळते, जेलकोटवर ओल्या रेघा उमटतात, आणि ओघळ जिथे पोचतो तो पृष्ठभाग बर्फासारखा होतो. ओल्या हातात फडफडणारा मासा, पायाखाली निसरडं, आणि बाजूला पाणी: हा हिशेब गाडीच्या डॅशबोर्डला लागू होत नाही, बोटीला होतो. पुढे कधी जेलकोटची डागडुजी किंवा रंगकाम करायचं झालं तर सिलिकॉनच्या अंशावर रंग फाटतो, खळगे पडतात, आणि ते काढायला जो घाम गळतो तो वेगळा. स्टिअरिंग, पायऱ्या, धरायचे दांडे, हॅचचा पाय ठेवायचा भाग इथे तर कोणतंच ड्रेसिंग नको, चांगलं असो वा वाईट.

हीट गनचे व्हिडिओ पाहिलेत तर मोह होतोच: राखाडी बंपरवर गरम हवा फिरली की मागून काळा रंग उगवत येतो. हे खोटं नाही. उष्णतेने वरचा भेगाळलेला थर मऊ होऊन सपाट बसतो. पण गेलेलं स्थिरक परत येत नाही, त्यामुळे वर काही संरक्षण लावलं नाही तर ऊन पुन्हा तेच काम सुरू करतं. शिवाय मर्यादा फार अरुंद आहे. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० अंश सेल्सिअसला वितळतं, एचडीपीई (पॉलिएथिलीनचाच कडक प्रकार) १३०च्या आसपास, एबीएस त्याआधीच, १०५च्या सुमारास ढिलं पडतं. आणि हीट गनची हवा यापेक्षा कितीतरी गरम असते. पातळ जाळी बघता बघता वाकते. सगळ्यांत मोठं कारण वेगळंच आहे. बोटीत पेट्रोलची टाकी आणि नळ्या असतात, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचते, आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. तिथे हीट गन चालवणाऱ्याला मी माझ्या बोटीवर चढू देणार नाही. बॅटरीच्या खोक्याचं झाकण आम्ही सोडवून, दूर नेऊन, गन सतत हलती ठेवून केलं. ते चांगलं झालं, वर सिरॅमिकही लावलं. इतर भागांना मला त्याची गरज वाटली नाही.

पारदर्शक भागांना यातलं काहीच लावायचं नाही. त्यांचं तंत्र वेगळं. दिव्यांवरची आणि मीटरवरची आवरणं बहुधा पॉलिकार्बोनेटची असतात, पिवळट-दुधाळ होतात. पाण्यात भिजवलेला ८००, मग १०००, २०००, ३००० क्रमांकाचा पेपर, शेवटी प्लास्टिक पॉलिश, असं केलं की लख्ख होतात. पण घासताना कारखान्यातला अतिनीलरोधक थरही जातो, म्हणून वर तसा क्लिअर कोट द्यायलाच हवा, नाहीतर ती पहिल्यापेक्षा लवकर पिवळी पडतात. अमोनियावाला काच-क्लीनर या कोणत्याच प्लास्टिकवर नको. आणि डासांचं डीट असलेलं मलम लावलेल्या हातांनी काच, मीटर, स्विच धरू नका. डीट प्लास्टिक अक्षरशः मऊ करतं. मीटरच्या आवरणावर उमटलेला बोटाचा ठसा पॉलिशनेही सहज जात नाही.

लाल-हिरव्या दिव्यांच्या बाबतीत मात्र काटकसर सोडा. काच नुसती दुधाळ असेल तर पॉलिश करा. लाल रंगच विटून गुलाबी झाला असेल तर तो पॉलिशने परत येत नाही, आवरण किंवा दिवाच बदलावा लागतो. १९७२च्या टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे १२ मीटरपेक्षा लहान बोटीचे बाजूचे दिवे निदान १ सागरी मैलावरून दिसायला हवेत, आणि समोरच्याला आपली कोणती बाजू दिसतेय हे त्याला रंगावरूनच कळतं. आमचा डावा दिवा गुलाबी झाला होता, तो बदलला.

नवे रॉड होल्डर घेताना पांढरे जास्त देखणे दिसत होते, दादाचा जीव त्यांच्यावरच होता. मी अतिनीलरोधक लिहिलेले काळेच घेतले आणि बसवायच्या आधी, कोरे असतानाच, उरलेल्या वाइपचा एक हात त्यांच्यावर फिरवला. जुने होल्डर दादाने फेकू दिले नाहीत. त्यातला एक त्याने वाइसमध्ये धरून नुसत्या हाताने पिळला, आणि तो गळ्यापाशी कट्‌कन मोडला.